पासवर्ड लावलेली एक्सेल फाइल मॅक्रोने उघडते, म्हणजे नेमके काय होते?

समजा, एखाद्या पतसंस्थेच्या पंधरा शाखा आहेत. प्रत्येक शाखा महिनाअखेरीस थकीत कर्जांची यादी एक्सेलमध्ये तयार करते, फाइलीला पासवर्ड लावते आणि ती मुख्य कार्यालयाकडे ईमेलने पाठवते. तेथील लेखनिकाला या पंधरा फाइली एकेक करून उघडायच्या, प्रत्येक वेळी पासवर्ड टाकायचा, आकडे उचलून एकत्रित तक्त्यात चिकटवायचे आणि फाइल बंद करायची, असे काम दर महिन्याला करावे लागते. मग कोणीतरी दहा-बारा ओळींचा मॅक्रो पाठवतो आणि तासाभराचे काम दोन मिनिटांत उरकते.

हे पाहिल्यावर लोकांचे दोन प्रकारे गैरसमज होतात. काहींना वाटते की मॅक्रो पासवर्ड फोडतो. काहींना वाटते की मॅक्रोने फाइल उघडत असेल, तर पासवर्ड लावण्यात काही अर्थच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांचे मूळ एकच आहे. एक्सेल ‘पासवर्ड’ हा एकच शब्द अनेक वेगवेगळ्या व्यवस्थांसाठी वापरते, आणि त्यांपैकी फक्त एक व्यवस्था फाइलीतील मजकूर खऱ्या अर्थाने बंद करते.

मॅक्रो म्हणजे काय?

एक्सेलमध्ये आपण हाताने जी कामे करतो, ती त्याच क्रमाने करण्यासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञा म्हणजे मॅक्रो. या आज्ञा ज्या भाषेत लिहितात तिला व्हीबीए म्हणतात, आणि ती १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली. साध्या एक्सएलएसएक्स फाइलीत मॅक्रो साठवता येत नाही. त्यासाठी फाइल एक्सएलएसएम या प्रकारात जतन करावी लागते. मॅक्रोजवळ स्वतःचे असे कोणतेही खास अधिकार नसतात. तुम्हाला जे उघडता येत नाही ते त्यालाही उघडता येत नाही. तो फक्त वेगाने आणि न कंटाळता काम करतो.

पासवर्ड पाच, बंदोबस्त एकाचाच

एक्सेलमध्ये पासवर्ड पाच ठिकाणी लावता येतो. पहिला, फाइल उघडण्यासाठीचा. दुसरा, उघडलेल्या फाइलीत फेरफार करून ती त्याच नावाने जतन करण्यासाठीचा. तिसरा, वर्कबुकची रचना, म्हणजे शीट घालणे, काढणे किंवा लपवणे, रोखण्यासाठीचा. चौथा, एखाद्या शीटमधील रकाने बदलू नयेत यासाठीचा. पाचवा, मॅक्रोचा कोड कोणी पाहू नये यासाठीचा.

यांपैकी पहिलाच पासवर्ड एन्क्रिप्शन करतो. एन्क्रिप्शन म्हणजे फाइलीतील मजकूर गणिती प्रक्रियेने असा बदलून टाकणे, की योग्य किल्ली हाती असल्याशिवाय त्यातून काहीच अर्थ लागू नये. साधी एक्सएलएसएक्स फाइल आतून पाहिली तर ती अनेक छोट्या मजकूर-फाइलींची एक झिप असते. उघडण्याचा पासवर्ड लावला की ही संपूर्ण झिपच एन्क्रिप्ट होते आणि वेगळ्या आवरणात ठेवली जाते. पासवर्ड फाइलीत कोठेही लिहून ठेवलेला नसतो. तुम्ही टाकलेल्या अक्षरांवर एकच गणिती क्रिया पुन्हा पुन्हा करून त्यांतून किल्ली तयार केली जाते. एक्सेल २००७ मध्ये ही क्रिया ५०,००० वेळा होत असे, आणि एक्सेल २०१० पासून ती १,००,००० वेळा होते. एवढी पुनरावृत्ती मुद्दाम ठेवलेली आहे. ज्याला पासवर्ड माहीत आहे त्याला फाइल उघडताना होणारा क्षणभराचा उशीर जाणवतही नाही, परंतु अंदाज बांधत बसणाऱ्याला तो प्रत्येक अंदाजासाठी सोसावा लागतो.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पासवर्डाचे स्वरूप बागेतील हिरवळीभोवती बांधलेल्या दोरीसारखे आहे. भल्या माणसाला ती ‘इकडून जाऊ नका’ एवढे सांगते; ओलांडायचेच ठरवलेल्या माणसाला अडवत नाही. शीटला पासवर्ड लावला तरी तिच्यातील आकडे आणि सूत्रे फाइलीत उघड्या स्वरूपातच राहतात, आणि त्यांच्याशेजारी ‘ही शीट संरक्षित आहे’ अशी एक नोंद केली जाते. शीटचे संरक्षण हे सुरक्षेचे साधन नाही, असे मायक्रोसॉफ्टच स्पष्टपणे सांगते. सूत्र चुकून पुसले जाऊ नये यासाठी ते उत्तम आहे. पगाराचे आकडे लपवण्यासाठी ते वापरणाऱ्यांची मात्र मला काळजी वाटते, आणि असे लोक पुष्कळ आहेत.

मॅक्रो फाइल उघडतो तेव्हा

फाइल उघडण्यासाठी व्हीबीएमध्ये ‘वर्कबुक्स डॉट ओपन’ ही आज्ञा आहे. (प्रत्यक्ष कोडमध्ये हे सारे शब्द रोमन लिपीत लिहायचे असतात.) या आज्ञेला फाइलीचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो आणि त्याबरोबर इतर काही माहिती देता येते. तीत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. ‘पासवर्ड’ या नावाने दिलेला शब्द फाइल उघडण्यासाठी वापरला जातो, आणि ‘राइटरेसपासवर्ड’ या नावाने दिलेला शब्द फेरफाराच्या परवानगीसाठी. नावापुढे अपूर्णविराम आणि बरोबरचे चिन्ह जोडून लिहायचे आणि मग सरळ अवतरणचिन्हांत पासवर्ड लिहायचा. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून उचललेल्या कोडमध्ये ही चिन्हे वळणदार होऊन येतात आणि मॅक्रो पहिल्याच ओळीवर अडतो.

शीटचा आणि रचनेचा पासवर्ड या आज्ञेत येत नाही. फाइल उघडल्यानंतर ‘अनप्रोटेक्ट’ ही वेगळी आज्ञा देऊन तो सांगावा लागतो. नुसते आकडे वाचून घ्यायचे असतील, तर त्याची गरजही पडत नाही, कारण संरक्षित शीटमधील रकाने वाचायला मॅक्रोला कोणी अडवत नाही.

पासवर्ड दिलाच नाही, तर एक्सेल नेहमीची चौकट दाखवते आणि मॅक्रो तेथेच थांबून राहतो. चुकीचा दिला, तर १००४ क्रमांकाची त्रुटी येते. हा क्रमांक फसवा आहे. फाइल त्या जागी नसली, तिचे नाव बदललेले असले, तरी हीच त्रुटी येते, त्यामुळे १००४ दिसताच ‘शाखेने पासवर्ड बदलला’ असा निष्कर्ष काढून फोन लावू नये. फाइल जागेवर आहे की नाही, हे मॅक्रोने आधी तपासावे, उघडता न आलेल्या फाइलींची नावे एका शीटवर लिहून ठेवावीत आणि पुढच्या फाइलीकडे जावे.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या फाइलीला पासवर्डच नाही, तिच्यासाठी मॅक्रोने पासवर्ड दिला, तर एक्सेल काहीही तक्रार न करता फाइल उघडते. म्हणजे एखाद्या शाखेने पासवर्ड लावायचे विसरून कर्जदारांची यादी तशीच ईमेलने पाठवली, तर हाताने काम करणाऱ्या लेखनिकाला ते लगेच कळले असते. मॅक्रो वापरणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. त्यासाठी फाइल उघडल्यावर वर्कबुकचा ‘हॅजपासवर्ड’ हा गुणधर्म तपासावा. त्याचे उत्तर नकारार्थी आले, तर त्या शाखेचे नाव वेगळे नोंदवावे. एका ओळीचे हे काम आहे.

देवनागरी नावांची अडचण

मराठी कार्यालयांत आणखी एक अडचण हमखास येते. व्हीबीएचा कोड ज्या खिडकीत लिहितात, ती युनिकोडच्या आधीच्या काळातील आहे. तीत ‘थकीत कर्जे’ असे फोल्डरचे नाव चिकटवले की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि मॅक्रोला फाइल सापडत नाही. एक्सेलच्या रकान्यांना देवनागरीची अडचण नाही. म्हणून फोल्डरचा पत्ता एखाद्या रकान्यात लिहावा आणि मॅक्रोने तो तेथून वाचावा. फाइलींची यादी मिळवणारी ‘डिर’ ही जुनी आज्ञाही देवनागरी नावांपुढे हतबल होते. तिच्याऐवजी ‘फाइलसिस्टमऑब्जेक्ट’ वापरल्यास नावे व्यवस्थित मिळतात. शाखांना फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवायला सांगणे हा तिसरा मार्ग आहे, पण आपल्या लिपीने यंत्रासाठी वाट सोडावी, हे मला पटत नाही.

पॉवर क्वेरी असताना मॅक्रो कशाला?

अनेक फाइलींतील माहिती एकत्र करण्यासाठी एक्सेलमध्ये आता पॉवर क्वेरी नावाची सोय आहे आणि एरवी तीच वापरावी. परंतु उघडण्याचा पासवर्ड लावलेली वर्कबुक तिला वाचता येत नाही आणि तिच्यात पासवर्ड देण्याची जागाही नाही. म्हणून या एका कामासाठी तीस वर्षांपूर्वीची भाषा अजून उपयोगी पडते.

पासवर्ड कोडमध्येच लिहिला तर काय बिघडते?

येथे या विषयाचे मर्म आहे. बहुतेक तयार मॅक्रोंमध्ये पासवर्ड थेट कोडमध्ये लिहिलेला असतो. पंधरा फाइली कितीही मजबुतीने एन्क्रिप्ट केलेल्या असल्या, तरी त्या सगळ्यांची किल्ली आता सोळाव्या, उघड्या फाइलीत पडून आहे. ती फाइल पेनड्राइव्हवर जाते, नवीन माणसाला ‘हा आपला मॅक्रो’ म्हणून पाठवली जाते, कोणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये राहते.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की कोडला पासवर्ड लावता येतो, मग भीती कशाची? हा वर सांगितलेला पाचवा पासवर्ड. तो कोडची खिडकी उघडू देत नाही, परंतु कोड एन्क्रिप्ट करत नाही. विषाणूंचा तपास करणारे लोक संशयास्पद मॅक्रो वाचण्यासाठी जी मोफत साधने वापरतात, त्यांना हा पासवर्ड आड येत नाही, आणि ती साधने कोणालाही वापरता येतात. दुसरा आक्षेप असा, की पासवर्ड लपवलेल्या शीटवर ठेवला तर? शीट लपवण्याचे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात ती ‘अनहाइड’च्या यादीतही दिसत नाही. तरीही ती फाइलीत उघडीच असते, आणि दुसऱ्या वर्कबुकमधून सूत्राने तिच्यातील रकाना वाचता येतो.

योग्य मार्ग फारसा अवघड नाही. मॅक्रो सुरू होताच त्याने पासवर्ड एकदा विचारावा, काम संपेपर्यंत तो स्मृतीत ठेवावा, आणि कोठेही लिहू नये. ‘इनपुटबॉक्स’ने विचारल्यास टाइप केलेली अक्षरे पडद्यावर स्पष्ट दिसतात, म्हणून छोटा ‘यूजरफॉर्म’ करून त्यातील मजकुराच्या चौकटीला ‘पासवर्डकॅर’ या गुणधर्मात तारांकन द्यावे. प्रत्येक शाखेचा पासवर्ड निराळा असेल, आणि तो निराळाच असावा, तर शाखा आणि पासवर्ड यांची यादी एका स्वतंत्र वर्कबुकमध्ये ठेवून तिलाच उघडण्याचा भक्कम पासवर्ड लावावा. लेखनिकाने तो एकच टाइप करायचा. बाकीचे मॅक्रो त्या यादीतून वाचेल.

‘कोणतीही फाइल उघडणारा’ मॅक्रो खोटा का?

पासवर्ड माहीत नसला तरी कोणतीही फाइल उघडून देतो, असे सांगत एक तयार मॅक्रो फिरत असतो. तो पूर्णपणे खोटा नाही, अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला आहे. जुन्या एक्सेलमध्ये शीटच्या पासवर्डाऐवजी त्याचा एक छोटा गणिती ठसा साठवला जाई. तो अवघा १६ बिटांचा असल्याने हजारो निरनिराळ्या शब्दांचा ठसा एकच येत असे. अकरा ठिकाणी ए किंवा बी आणि बाराव्या ठिकाणी कळफलकावरील ९५ चिन्हांपैकी एक, अशी १,९४,५६० जुळवाजुळव करून पाहिली की त्यांतील एखादा शब्द ठशाशी जुळे आणि शीट मोकळी होई. मूळ पासवर्ड ‘गणेश’ असो की आणखी काही, मॅक्रो मात्र ए आणि बी यांची एक विचित्र रांग दाखवी. एक्सेल २०१३ पासून ठसा घेण्याची पद्धत बदलली आणि नव्या फाइलींवर ही युक्ती व्यवहारात चालेनाशी झाली. ती चालत होती तेव्हाही फक्त दोरीच ओलांडत होती. उघडण्याच्या पासवर्डाशी तिचा कधीच संबंध नव्हता.

उघडण्याचा पासवर्ड मॅक्रोने एकेक शब्द टाकून शोधता येणार नाही का? हे पासवर्डावर अवलंबून आहे, आणि त्याचा हिशेब सहज मांडता येतो. पासवर्ड जन्मतारीख असेल, तर शंभर वर्षांतील सगळ्या तारखा मिळून सुमारे ३६,५०० होतात. सेकंदाला दहा प्रयत्न होतात असे धरले, तर तासाभरात सगळ्या तपासून होतील. पासवर्ड आठ लहान इंग्रजी अक्षरांचा आणि अर्थहीन असेल, तर शक्यता सुमारे २०,८८३ कोटी होतात आणि त्याच वेगाने सुमारे ६६० वर्षे लागतील. ग्राफिक्स कार्ड वापरणाऱ्या खास साधनांचा वेग याच्या कितीतरी पट असतो, म्हणून आठ अक्षरांवर विसंबू नये. पासवर्ड जितका लांब, तितका हा हिशेब शोधणाऱ्याच्या विरोधात झपाट्याने जातो. संस्थेचे नाव आणि पुढे चालू वर्ष, असा पासवर्ड मात्र लांब असला तरी सहज ओळखता येतो.

दुसऱ्याची फाइल परवानगीशिवाय अशा रीतीने उघडणे हा कायद्याचाही प्रश्न आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मधील अनधिकृत प्रवेश अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेला असेल, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

फाइलीबरोबर आत काय येते?

इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप रोखायला सुरुवात केली. ईमेलने आलेला मॅक्रो चालत नाही आणि वर लाल पट्टी दिसते, त्याचे कारण हेच आहे. फाइल कोणी पाठवली आणि त्यात काय आहे, हे ठाऊक असेल तरच तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावे.

मात्र एखादा मॅक्रो दुसरी फाइल उघडतो, तेव्हा निराळी परिस्थिती निर्माण होते. कोडमधून उघडलेल्या फाइलींतील मॅक्रो चालू द्यायचे की नाही, हे ‘ऑटोमेशनसिक्युरिटी’ नावाच्या मांडणीवर ठरते, आणि तिचे मूळ मूल्य ‘सगळे चालू द्या’ असे आहे. एखाद्या शाखेच्या संगणकाला लागण झालेली असेल आणि तिने एक्सएलएसएम फाइल पाठवली असेल, तर ती उघडताच चालणारा मॅक्रो कोणालाही न विचारता तुमच्या संगणकावर चालू शकतो. त्यातच एन्क्रिप्ट केलेल्या जोडपत्राच्या आत ईमेलच्या विषाणू-तपासणीला डोकावता येत नाही. म्हणून पहिली फाइल उघडण्यापूर्वी ही मांडणी ‘फोर्स डिसेबल’वर न्यावी आणि काम झाल्यावर पूर्ववत करावी. आपल्याकडे फिरणाऱ्या तयार कोडमध्ये ही ओळ मला क्वचितच दिसते.

याच पोटातील एक चमत्कारिक गोष्ट अशी, की एक्सेलला एक पासवर्ड स्वतःलाच ठाऊक आहे. ‘व्हेल्वेटस्वेटशॉप’ या शब्दाने एन्क्रिप्ट केलेली फाइल एक्सेल कोणालाही न विचारता उघडते, कारण तो शब्द ते आधी स्वतःच वापरून पाहते. जुन्या आवृत्त्यांतील अंतर्गत सोयीचा हा अवशेष आहे. विषाणू लिहिणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. फाइल एन्क्रिप्ट केलेली म्हणून तपासणीतून सुटते आणि वापरकर्त्यापुढे मात्र पासवर्ड न मागता उघडते.

आणि बाहेर काय जाते?

मॅक्रोचे काम संपले की शाखांच्या पंधरा फाइली बदल न जतन करता बंद होतात आणि जशा होत्या तशा एन्क्रिप्टच राहतात. पण त्यांतील सगळी नावे, खातेक्रमांक आणि थकबाकी आता एकत्रित तक्त्यात आलेली असतात, आणि त्या तक्त्याला बहुधा कोणताच पासवर्ड नसतो. आधी पंधरा तुकड्यांत असलेली माहिती एका जागी, उघडी आणि नीट क्रमाने लावलेली मिळते. हा तक्ता जतन करतानाच ‘सेव्हॲज’ या आज्ञेबरोबर पासवर्ड देता येतो, आणि तो द्यावा. वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय केलेच पाहिजेत, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो, आणि ते न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

पासवर्ड विसरला तर?

शीटचा किंवा रचनेचा पासवर्ड विसरला, तर आकडे वाचता येतातच आणि ते नव्या फाइलीत उतरवून काम पुढे नेता येते. उघडण्याचा पासवर्ड विसरला, तर मायक्रोसॉफ्टकडेही तो परत मिळवून देण्याची सोय नाही. मॅक्रोही येथे काही करू शकत नाही. त्याला देण्यासाठी तुमच्याजवळ काही उरलेलेच नसते. मोठ्या संस्थांसाठी ऑफिस २०१३ पासून ‘डॉकरीक्रिप्ट’ नावाचे साधन उपलब्ध आहे. त्यात व्यवस्थापक आधीच एक प्रमाणपत्र सगळ्या संगणकांवर बसवून ठेवतो, त्यानंतर लावलेल्या प्रत्येक पासवर्डाबरोबर त्या प्रमाणपत्रालाही फाइल उघडण्याची वाट ठेवली जाते, आणि कर्मचारी पासवर्ड न सांगता नोकरी सोडून गेला तरी फाइल उघडून नवा पासवर्ड लावता येतो. प्रमाणपत्र बसवण्यापूर्वी एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींना मात्र त्याचा काही उपयोग होत नाही.